तीन लाइटीचा डबा अन् माझी जळालेली १५ एचपीची मोटर

काल रात्री जेवून गच्चीवर मोबाईल पाहत पडलो होतो, तर एका माणसाचा व्हॉट्सॲप स्टेटस समोर आला. भंडारा रोडकडची कुठलीतरी राईस मिल, भिंतीवर नवाकोरा पांढरा डबा, त्यावर लाल पिवळा निळा असे तीन लाइट, आणि हा गडी फ्यूज काढून दाखवून राहिला की पहा, एक फेज (मोटरला येणाऱ्या तीन लाइनींपैकी एक) गेली की मोटर चालूच होत नाही. खाली लिहिलेलं, अजून एक समाधानी ग्राहक. मागच्या मार्चमध्ये याच स्टेटसवर मी पण समाधानी ग्राहक होतो राजेहो. फोटोत त्याचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि मी दात काढून हसून राहिलो. रात्रभर झोप नाही लागली, म्हणून आता लाज सोडून सगळं लिहितो. नाव आणि फर्म लिहीत नाही, नोटीस पाठवलेली आहे आणि वकील म्हणाले नाव टाकू नका, पण पद्धत ओळखली तरी पुरे.

माझी कळमन्याकडे छोटी दाल मिल आहे. बाबांच्या वेळेची, फार मोठी नाही, तुरीच्या सीझनमध्ये रात्रीची पाळी पण चालते, बाकी वर्षभर आपलं जेमतेम. रोलवर १५ एचपीची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटरच्या कॉइली आधी स्टार, मग डेल्टा पद्धतीने जोडून तिला हळू उठवणारा), माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरवर ३ एचपीची, चाळण्याची वेगळी, अशा मिळून सहा-सात मोटारी. गेल्या वर्षी फेब्रुवारी संपला, ऊन तापायला लागलं आणि रोलची मोटर दुपारी दुपारी ट्रिप व्हायला लागली. मोटर तापली की तिला बंद करणारा रिले असतो, तो दाबून रिसेट करायचा, अर्धा तास चालायची, परत ट्रिप. हातावर हात ठेवून पोट्टे बसलेले, गाडी भरायला उभी, आणि मोटर बंद. डोकं फिरतं माणसाचं. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन तेव्हा गावी गेलेला, त्याच्या घरी लग्न होतं.

अशातच हा आला. कोणीतरी पाठवला असं म्हणाला, कोणी ते मी पण विचारलं नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टाँग टेस्टर, वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा. आल्याआल्या पॅनल उघडून "भाऊ, तुमच्याकडे व्होल्टेज लय डिस्टर्ब आहे" म्हणाला. आता नागपुरात मार्चमध्ये कोणाकडेही जाऊन हे वाक्य म्हटलं तरी खरंच निघणार, पण मला वाटलं मोठा जाणकार आहे. मग सुरू झाला. व्होल्टेज कमी आलं की मोटर जास्त करंट ओढते, एक फेज गेली की वाईंडिंग जळते, वीज कडाडली की स्पाइक, म्हणजे व्होल्टेजची क्षणभर उसळी, येतो, आणि या सगळ्यावर एकच इलाज, आमचा मोटर गार्ड, वरून बिल पण २५ टक्के कमी. यातली पहिली तिन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत बरं का, हीच तर गोम आहे. फसवणारा माणूस सगळं खोटं बोलत नाही, रोग खरा सांगतो आणि औषध म्हणून साखरेची गोळी देतो.

मग त्याने दोन खेळ दाखवले.

पहिला खेळ टाँग टेस्टरचा. मेनच्या केबलला टेस्टर लावला, मोटर लोडवर चालू, १६ ॲम्पिअर. डबा जोडला, १३ ॲम्पिअर. "पहा भाऊ, तीन ॲम्पिअर वाचले, मोटरवरचा ताण गेला." मी तर पाहतच राहिलो. आता कळतं की डब्यात कपॅसिटर होते. मोटरला चुंबक तयार करायला जो करंट लागतो तो आधी लाइनीतून यायचा, आता थोडा कपॅसिटरमधून यायला लागला, म्हणून डब्याच्या मागच्या केबलमध्ये करंट कमी दिसला. पण डबा आणि मोटर यांच्या मधल्या वायरला टेस्टर लावला असता तर तिथे १६ च्या १६ च दिसले असते. मोटरच्या वाईंडिंगला काही फरक पडतच नाही, ती तेवढीच तापणार. आणि खरी वीज, म्हणजे किलोवॉट-तासांची युनिटं, पण तेवढीच लागणार, केबलमध्ये होणारी जराशी बचत सोडली तर. पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर लावावेच लागतात, तो हिशोब वेगळा आहे आणि त्याचे कपॅसिटर बाजारात खूप कमी पैशात मिळतात. टेस्टर कुठे लावायचा हे तो ठरवत होता, मी नाही.

दुसरा खेळ फ्यूजचा. यातच मी पूर्ण गेलो. मिल बंद केली, मेन ऑफ केला, तीन किटकॅट फ्यूजपैकी एक काढून माझ्या हातात दिला, मेन ऑन केला आणि म्हणाला आता तुम्हीच स्टार्ट दाबा. दाबलं. काही नाही. परत दाबलं. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला लाइन जोडणारा स्टार्टरमधला मोठा स्विच, जागचा हलला नाही. "एक फेज नाही ना, गार्ड मोटर चालूच होऊ देणार नाही." आमचा पोट्टा पण खुश झाला, टाळ्याच वाजवायच्या राहिल्या होत्या. त्याने काढलेला फ्यूज डावीकडचा होता. हे लक्षात ठेवा, पुढे येतं.

३८ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, ४४,८४० रुपये झाले. दहा हजार आधी, बाकी लावल्यावर. बायको म्हणाली होती, एकदा आपल्या इलेक्ट्रिशियनला फोन करून विचारा. मी म्हणालो तो काय सांगणार, त्याला तर रिपेरिंगचे पैसे पाहिजेत. असो.

डबा लावायला दुसऱ्या दिवशी त्याचा पोट्टा आला. त्याने डब्यातून निघालेल्या तीन वायरी कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूला जोडल्या, म्हणजे मोटरच्या वायरींसोबत. चौथी हिरवी, अर्थिंग. बस्स. आणि जाताना म्हणाला, काका, हा जुना ओव्हरलोड रिले उगाच ट्रिप होतो, गार्ड लागला आता, याची गरज नाही. ९५-९६ वर एक छोटी वायर मारून दिली. मी समोर उभा होतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण त्या दिवसापासून ट्रिपिंग एकदम बंद झालं आणि मी चार लोकांना सांगत सुटलो की भाऊ, ४५ हजारात कटकट गेली.

९५-९६ म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे ते आता कपाळावर हात मारत असतील. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओव्हरलोड रिले स्वतः मोटरची लाइन तोडत नाही. मोटर जास्त करंट ओढायला लागली की आतल्या पट्ट्या तापून वाकतात आणि ९५-९६ हा छोटा कॉन्टॅक्ट उघडतो, त्याच्यातूनच कॉन्टॅक्टरला ओढून धरणाऱ्या कॉइलचा सप्लाय जातो, कॉइल सुटली की मोटर बंद. त्या दोन टोकांवर वायर मारली म्हणजे रिले आत कितीही बोंबलला तरी बाहेर कोणाला ऐकू येणार नाही. दुपारी ट्रिप होत होता तो रिले खोटं बोलत नव्हता, मोटर खरंच तापत होती.

का तापत होती ते नंतर कळलं. इलेक्ट्रिशियन गावाहून आला तेव्हा त्याने तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजलं, ४२०, ४०५ आणि ३९०. मला वाटलं ठीकच आहे, नेमप्लेटवर ४१५ अधिक-उणे १० टक्के लिहिलंय, म्हणजे साधारण ३७४ ते ४५६ च्या आत सगळं बसतं. तो म्हणाला, भाऊ, एकेक आकडा पाहू नका, तिघांतला फरक पाहा. सरासरी ४०५, त्याच्यापासून सगळ्यात लांबचा १५ व्होल्टने लांब, १५ भागिले ४०५ म्हणजे ३.७ टक्के असमतोल. ऐकायला काहीच वाटत नाही. पण या टक्क्याचा वर्ग करून दुप्पट केली की वाईंडिंगचं तापमान किती टक्क्यांनी जास्त वाढतं याचा ढोबळ अंदाज येतो, म्हणजे इथे २७ टक्क्यांच्या आसपास. असमतोल १ टक्क्याच्या वर गेला की मोटरवरचा लोड कमी करायचा आणि ५ च्या वर मोटर चालवायचीच नाही, असा अमेरिकेच्या नेमा या संस्थेचा मोटारींचा नियम आहे, वाईंडिंगवाले पण तोच मानतात. वरून माझ्या मोटरच्या प्लेटवर भोवतालचं तापमान ४० डिग्री धरलेलं आणि आपल्याकडे मेमध्ये ४५ सहज होतं, पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त. वाईंडिंग तिच्या हद्दीपेक्षा दहा डिग्री जास्त तापत राहिली की तिचं आयुष्य निम्मं होतं असं मोटारीच्या धंद्यात सगळे मानतात. आणि हा असमतोल कुठून आला? बाहेरून थोडा असेल, पण बराचसा आमचाच. ऑफिसचा एसी, गोदामातले कूलर, वॉचमनच्या खोलीची लाइन, सगळं आर, वाय, बी या तीन फेजपैकी एकाच बी फेजवर टांगलेलं, जसजसं वाढत गेलं तसतसं जवळच्या वायरीला जोडत गेलो.

पण हे सगळं शहाणपण नंतरचं. मे महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास वारा-वादळ झालं, लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. मिल चालू केली. त्यात आमच्या मेनचा उजवीकडचा किटकॅट, आधीच पकड सैल होऊन काळा पडलेला, कधी साफ केलाय आठवत नाही, तो आतून तुटला. बी फेज गेली.

आता चालू मोटरची गंमत अशी की एक फेज गेली तरी ती थांबत नाही. बंद असेल तर सुरू होणार नाही, नुसती गुरगुरेल, पण फिरत असेल तर उरलेल्या दोन फेजवर फिरतच राहते, फक्त त्या दोन फेजमधून पावणेदोन पट, कधी त्याहूनही जास्त करंट ओढते. आणि फिरता फिरता गेलेल्या फेजच्या वायरीत स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. वॉचमन म्हणाला कूलर बंद नाही पडला, नुसता मंद झाला, मला वाटलं कमी व्होल्टेज असेल. तो कूलर त्या वेळी माझ्या मोटारीच चालवत होत्या! आणि डब्यावरचे लाइट? मिलवरच्या आमच्या पोट्ट्याने नंतर पहिलं वाक्य हेच सांगितलं, "भाऊ, तिन्ही लाइट चालू होत्या, मी दोनदा पाहिलं."

एलिव्हेटरची ३ एचपी मोटर, तिच्यावर जुना रिले तसाच होता, त्याला त्या डबेवाल्याने हात लावला नव्हता. ती ट्रिप झाली. पोट्ट्याने रिसेट केली, जागेवर हूं करत बसली, परत ट्रिप. तो त्या एलिव्हेटरपाशीच खटपट करत राहिला आणि इकडे रोल हॉपरमधल्या मालावर चालत होता. दहा मिनिटं झाली असतील. मग वास आला. ज्याने जळालेल्या वार्निशचा वास एकदा घेतला तो विसरत नाही. काही हजारांची मोटर काही शेकड्यांच्या रिलेने वाचवली, आणि ४५ हजारांच्या गार्डवाली जळून कोळसा.

वाईंडिंगवाल्या काकांकडे मोटर नेली. इतवारीत त्यांचं दुकान, वय सत्तरच्या पुढे, मोटर उघडायच्या आधी नुसता वास घेतात. कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावलं. "हे पाय, एका फेजच्या सगळ्या कॉइली काळ्या, बाकी दोघींचं वार्निश अजून चमकते." डेल्टात जोडलेली मोटर दोन फेजवर चालली की एकीवरच सगळं येतं, ती एकटी जळते. स्टार असती तर दोन जळाल्या असत्या आणि एक वाचली असती. नुसत्या ओव्हरलोडने जळाली असती तर तिन्ही सारख्या काळ्या पडल्या असत्या. "सिंगल फेजिंग आहे भाऊ, एक फेज गेली तरी चालत राहिली. तुझ्याकडे ते थांबवणारा प्रिव्हेंटर नाही काय?" मी म्हणालो, आहे ना काका, ४५ हजाराचा आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

रिवाइंडिंग, दोन बेअरिंग, गाडीभाडं मिळून साडेतेरा हजार. चार दिवस मिल बंद, एका व्यापाऱ्याची ऑर्डर गेली ती वेगळी.

मोटर परत आल्यावर इलेक्ट्रिशियनने मला पॅनलपुढे उभं केलं. म्हणाला तो माणूस जे करत होता तेच करू. आधी डबा पूर्ण काढून बाजूला ठेवला. मेन ऑफ, डावीकडचा फ्यूज काढला, मेन ऑन, स्टार्ट दाबलं. काही नाही! डबाच नाही तरी मोटर चालू होत नाही. कारण आमच्या स्टार्टरची कॉइल ४१५ ची, आर आणि वाय या दोन फेजमध्ये जोडलेली, आणि डावीकडचा फ्यूज आरचा. आर नाही तर कॉइलला सप्लाय नाही, कॉन्टॅक्टर ओढणार कुठून. मग डबा जोडला, डावीकडचा फ्यूज परत बसवला, उजवीकडचा, म्हणजे बीचा काढला, स्टार्ट दाबलं. कॉन्टॅक्टर खाडकन लागला, मोटर जागच्या जागी गुरगुरायला लागली, त्याने लगेच स्टॉप दाबलं. डबा भिंतीवर शांत. हे तुम्ही पण करून पाहू शकता, पण लायसनवाला माणूस सोबत पाहिजे, फ्यूज मेन ऑफ असतानाच काढायचा आणि गुरगुर ऐकू आली की त्याच सेकंदाला स्टॉप. नवीन वाईंडिंगची परीक्षा घेत बसू नका.

मग डबा फोडला. आत तीन कपॅसिटर, तीन लाइट, एक आकडे दाखवणारं व्होल्टमीटर, स्पाइकसाठी तीन छोट्या निळ्या चकत्या, आणि खाली वजन यावं म्हणून ओतलेलं डांबरासारखं काहीतरी, अर्धा डबा भरून. त्या निळ्या चकत्या खऱ्या असतात, पण त्या क्षणभराच्या स्पाइकसाठी, सेकंदाच्या लाखाव्या भागाचा मामला. व्होल्टेज तासभर कमी राहिलं किंवा फेज गेली तर त्यांचा काही संबंध नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, बाकी सोडा, एकच पाहायचं होतं तुम्ही. या डब्यातून कॉइलच्या लाइनमध्ये वायर जाते काय? नाही ना? मग याला कळलं तरी हा मोटर बंद करणार कशाने? नुसत्या तीन वायरी मोटरला बाजूने जोडून कोणी मोटर बंद करू शकत नाही. आणि ज्या एका जागी बंद करायची सोय होती, तिथे त्याच्याच पोट्ट्याने वायर मारून ठेवली.

मी फोन केला. पहिल्यांदा गोड बोलला, माणूस पाठवतो म्हणाला. मग म्हणाला तुमचा फ्यूज खराब होता, त्यात गार्डचा काय दोष. मी म्हणालो अरे बाबा, फ्यूज गेल्यावर वाचवायलाच तर घेतला होता! शेवटी म्हणाला, बिल पहा भाऊ. बिल काढलं. बिल एकदम पक्कं, जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, पोर्टलवर टाकला तर बरोबर निघतो. मालाच्या नावापुढे "पॉवर पॅनल युनिट" आणि एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) ८५३२. मी सीएला दाखवलं. तो हसायला लागला. ८५३२ म्हणजे कपॅसिटर. लाइन तोडणारी किंवा सर्किट वाचवणारी वस्तू असती तर ८५३६ लिहिलं असतं. म्हणजे गड्याने कागदावर खरंच लिहिलं होतं की कपॅसिटर विकतोय, संरक्षण फक्त तोंडी. वॉरंटी कार्डावर पण "युनिटची" वॉरंटी, मोटरचा एक शब्द नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवली. वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक आयोगात समोरचा आधी हाच मुद्दा काढतो की हे ग्राहकच नाहीत, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेला धंदा असेल तर कायद्यात त्याला सूट आहे, ते दाखवावं लागेल. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज पण दिलाय. नशीब एवढंच की मी कोटेशन मागितलं तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर आवाजाचा मेसेज पाठवला होता, "सिंगल फेजिंगमध्ये मोटर जळाली तर आमची जबाबदारी", तो अजून माझ्याकडे आहे. तुम्ही पण कोणाचे आवाजाचे मेसेज डिलीट करू नका.

आता काय लावलंय हे बरेच जण विचारतात. ९५-९६ ची वायर त्याच दिवशी काढली आणि जुना रिले परत नीट सेट केला. आमच्या स्टार-डेल्टात तो डेल्टाच्या आत बसतो, म्हणून मोटरच्या २१ ॲम्पिअरला ०.५८ ने गुणून १२ वर, २१ वर नाही, ही चूक पण खूप जागी असते. त्याशिवाय करंट पाहणारा मोटर प्रोटेक्शन रिले घेतला, तिन्ही वायरी त्याच्या भोकांतून जातात आणि त्याचा कॉन्टॅक्ट कॉइलच्या लाइनमध्ये. नुसता व्होल्टेज पाहणारा स्वस्त प्रिव्हेंटर पण मिळतो, पण चालू मोटरच्या उलट्या व्होल्टेजने तो फसू शकतो आणि कॉन्टॅक्टरच्या खाली वायर तुटली तर त्याला कळतच नाही. लाइट आल्यावर सगळ्या मोटारी एकदम उठू नयेत म्हणून टायमर टाकला. किटकॅट तिन्ही बदलले. एसी आणि कूलर तिन्ही फेजवर वाटून दिले, आता व्होल्टेज ४११, ४०८, ४०२ येतं, म्हणजे असमतोल सव्वा टक्का. रिलेचं सगळं मिळून सात हजारांच्या आत झालं. त्यानंतर दुपारी दोनदा ट्रिप झाली, दोन्ही वेळा रोलमध्ये माल जास्त सोडला होता.

व्होल्टेज सरळ ठेवणाऱ्या सर्व्हो स्टॅबिलायझरचं पण एक कोटेशन आलंय, ते अजून घेतलं नाही. त्यात बॅलन्स्ड टाइप एकाच फेजकडे पाहून तिन्ही सोबत वर-खाली करतो, असमतोल तसाच ठेवतो, अनबॅलन्स्ड टाइप प्रत्येक फेज वेगळी सुधारतो, आणि कोटेशनवर कोणता ते लिहिलेलंच नव्हतं. फोन करून विचारलं तर समोरचा म्हणाला, साहेब, दोन्ही सारखेच.

बाकी त्या भंडारा रोडच्या राईस मिलवाल्या भाऊंचा नंबर मला मिळून नाही राहिला. व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला, बोर्ड अर्धाच दिसतो, पण हात डावीकडच्याच फ्यूजवर आहे. कोणी ओळखत असेल तर त्यांना आजच फोन करा आणि एवढंच सांगा, बाकीचे पैसे द्यायच्या आधी त्याला उजवीकडचा काढायला लावा, आणि ९५-९६ वर वायर मारली असेल तर आधी ती काढा.